वाचकाला तोंड आहे

(नाचणगाव, जि. वर्धा येथे तरुणांच्या वाचक-बैठकीत केलेलं भाषण. जसं बोललं तसंच छापलं आहे.)



तुम्ही पाठवलेल्या पत्रात विषय होता 'दलित साहित्यापुढील आव्हाने'. तो मी परस्पर बदलला आहे. आव्हानं समीक्षकांनी पेलावीत, त्यांना त्याचा पगार मिळतो. मी मुंबईच्या गोदीत पन्नास किलोची पोती पेलतो, त्याची हजेरी मिळते, तीही मुकादमाची मर्जी असली तर. दहावी पास आहे. कविता लिहितो. नाचणगाव माझं आजोळ, म्हणून तुम्ही बोलावलंत आणि मी आलो. पण आज कवी म्हणून बोलणार नाही. पाळी सुटल्यावर लोकलमध्ये, नाहीतर बोट लागायची वाट बघत शेडच्या सावलीत बसून जे हाताला लागलं ते वाचणारा माणूस म्हणून बोलणार आहे. कुठलं पुस्तक आवडलं, कुठलं नाही, कुठलं अर्ध्यात टाकलं, एवढंच.

हे कशाला, असं कोणी विचारील. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमच्या वर्ध्यात एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं भरली. एक ९६ वं अखिल भारतीय, दुसरं विद्रोही. मी दुसऱ्याच्या बाजूचा, हे वेगळं सांगायला नको. पण मांडव कुठलाही असो, वर लेखक बसतो आणि खाली वाचक बसतो. लेखक बोलतो, वाचक टाळ्या वाजवतो, मग पुस्तक विकत घेऊन त्यावर सही मागतो. वाचकाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला ते कसं वाटलं? गोदीत धान्य उतरलं की पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, हातावर घेऊन बघतात, किडका असला तर तोंडावर सांगतात. पुस्तकाला मात्र आपण बाहेरूनच हात जोडतो.

आणि आपल्याला हे शोभत नाही. पुस्तकाबद्दल आपल्या लोकांनी दिलेलं सगळ्यात मोठं जाहीर मत कुठलं? २५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली. पण ती न वाचता जाळली नाही, हे ध्यानात ठेवा. बाबासाहेबांनी ती वाचली होती, परिषदेत तिच्यावर ठराव मांडला गेला, तो मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, आणि मग आग लावली. अगोदर वाचणं, मग मत, मग काडी. ही आपली परंपरा. आता आपण काय करतो, तर जी पुस्तकं शत्रूची वाटतात ती न वाचता फेकतो आणि जी आपली वाटतात ती न वाचता पूजतो.

तर सुरुवात खालच्या दर्जाच्या पुस्तकांपासून करतो. खालचा दर्जा हा शब्द त्यांचा.

मी वाचायला लागलो तो बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. रद्दीवाल्याकडे पिवळी पडलेली, शेवटचं पान फाटलेली मिळायची. झुंजार, काळा पहाड. आमच्या वस्तीत ज्यांना सही करताना घाम फुटायचा ती माणसंसुद्धा अक्षर अक्षर जुळवत ती पुस्तकं वाचायची, कारण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप लागत नव्हती. मराठीचे प्राध्यापक या पुस्तकांना नाक मुरडतात. मुरडू द्या. साक्षरतेच्या सरकारी वर्गाला ढकलून बसवावं लागत होतं, अर्नाळकरांकडे माणूस आपल्या पायाने चालत गेला. माझी तक्रार एकच. तिजोरी फुटते, खून होतो, चोर पकडला जातो आणि पुस्तक संपतं. त्या तिजोरीत एवढा पैसा आला कुठून, हा तपास झुंजारराव करत नाहीत.

मग आला 'मृत्युंजय'. १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची कादंबरी. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या पोरांना ही कादंबरी फार आवडते. आमच्या टोळीत एकाने ती तीनदा वाचली आहे. का आवडते? सूतपुत्र. रंगमंडपात सगळ्यांसमोर कर्णाला कुळ विचारतात, आणि वाचताना आपल्या कानाच्या पाळ्या तापतात. शाळेत हजेरी घेताना आडनावापाशी थांबलेल्या मास्तरचा चेहरा आठवतो. मीसुद्धा त्या पानावर रडलो आहे. पण पुढे वाचा. ह्या माणसाच्या अंगात एवढं तेज कसं, तर तो सूर्याचा मुलगा, कुंतीच्या पोटचा, जन्मजात कवचकुंडलं घेऊन आलेला. म्हणजे सूताच्या घरात वाढला तरी रक्त क्षत्रियाचंच. अरे, मग झालं काय? ज्यांनी कुळ विचारलं त्यांचंच म्हणणं शेवटी खरं ठरलं की! पुस्तकाने पहिल्या अर्ध्यात आपल्याला जे दिलं ते दुसऱ्या अर्ध्यात काढून घेतलं.

त्या कादंबरीत निरनिराळी पात्रं आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, कृष्ण. आणि एक आहे शोण. कर्णाचा धाकटा भाऊ, अधिरथ आणि राधेच्या पोटचा, म्हणजे अस्सल सूत. त्याच्या मागे सूर्य नाही, अंगावर कवच नाही. रथामागून धावतो, भावावर जीव टाकतो. मला विचाराल तर हिरो तो. सावंतांनी त्याला बोलू दिलं हे त्यांचं मोठेपण, पण त्याचं बोलणं सगळं भावाबद्दल. शोणाची स्वतःची कादंबरी कोणीतरी लिहायला पाहिजे. इथे बसलेल्यांपैकी कोणी लिहिली तर मी पहिला वाचीन.

'स्वामी' वाचली. रणजित देसाईंची भाषा गोड आहे, नाही म्हणत नाही. रमाबाई सती जाते तिथे गळा दाटून येतो. मग पुस्तक मिटलं आणि आठवलं की ही पेशवाई. ज्या वाड्यातल्या दुःखावर मी रडलो त्या वाड्याच्या रस्त्यावरून माझ्या खापरपणजाला सावली सांभाळून जावं लागलं असतं. रडणं तसंच ठेवलं, कादंबरी परत केली.

पु. ल. देशपांड्यांबद्दल बोललं की आपल्यातले काही लोक भुवया वर करतात, तू पुलं वाचतोस? वाचतो. 'बटाट्याची चाळ' रात्रपाळीत वाचली, एवढा हसलो की टॅली क्लार्क बघायला आला. माणसांचे नमुने काय उभे केलेत! पण ती चाळ मला माहीत असलेली चाळ नाही. मी ज्या चाळी बघितल्या तिथे सकाळी संडासापुढची रांग हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, आणि ते संडास साफ करायला जो येई त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. पुलंच्या चाळीत तो मला भेटला नाही. तरी एक सांगतो, हसण्याची मक्तेदारी आपण त्यांना देऊन टाकली हे बरं झालं नाही. आपल्या वस्तीत मयताच्या घरीसुद्धा माणसं हसवतात, आणि आपली पुस्तकं बघावीत तर सगळी कपाळाला आठ्या घालून बसलेली. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं, त्यात बायका दुःख सांगता सांगता एकमेकींची टर उडवतात. ते वाचून मला हायसं वाटलं.

'फकिरा'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात मला खोट सापडत नाही. १९५९ ची कादंबरी. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात माणसं किड्यामुंगीसारखी मरतात आणि फकिरा धान्य लुटून वाटतो. अर्नाळकरांचा वेग आहे आणि वर तो प्रश्नही आहे जो अर्नाळकर विचारत नाहीत. शाळेत नीट न बसलेल्या माणसाने हे लिहिलं. १९६१ साली तो रशियाला जाऊन आला, त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. प्रवासवर्णनं मी फारशी वाचत नाही, बहुतेकांत लेखक हॉटेलातल्या नाश्त्याबद्दलच बोलत असतो. पण झोपडीत राहणारा माणूस परदेशात काय बघतो हे वाचायचं असेल तर ते वाचा. ज्याला अजून एकही अख्खं पुस्तक वाचून झालेलं नाही त्याच्या हातात पहिलं 'फकिरा' द्यावं.

आता आपल्या घरातली पुस्तकं. इथे खुर्च्या जरा करकरतील.

'बलुतं' १९७८ चं. दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली गोष्ट सांगतो, अशी त्याची रचना. एकच माणूस, दोन झालेला. गावचा आणि शिकलेला. हे दोन होणं मला माझ्यात रोज दिसतं, अंकात कविता छापून येते त्या दिवशी तर जास्तच. कावाखान्यातली मुंबई त्यात आहे. त्यावेळी आपल्याच लोकांनी ओरड केली की घरची धुणी चव्हाट्यावर कशाला. माझ्या मते तीच धुणी त्या पुस्तकाची ताकद आहे. पुढे 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी'. एकेक वाचताना आतडं पिळवटतं. हे मी मानतो आणि त्यापुढचंही सांगतो. ह्या मोठ्या पुस्तकांच्या मागून जी पन्नास आली त्यातली बरीच मला एकसारखी वाटली. भूक, मेलेलं ढोर, मास्तरची छडी, बोर्डिंग, नोकरी, समाप्त. जगलेलं खोटं नव्हतं. पण जगलेलं खरं असलं म्हणून लिहिलेलं चांगलं होतंच असं नाही. आणि वरच्या वस्तीतला वाचक ती वाचून उसासा टाकतो, अरेरे म्हणतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. त्याच्या उसाशासाठी आपण किती दिवस तेच ताट वाढायचं?

ह्या साच्यातून सुटलेली दोन पुस्तकं सांगतो.

पहिलं बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं'. ही बाई फलटणची, दुकान चालवायची. गिऱ्हाईक नसलं की लिहायची, आणि लिहिलेलं घरात लपवून ठेवायची. वीस वर्षं लपवलं. मग ते मासिकातून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. बाबासाहेबांच्या काळातली आपली माणसं कशी जागी झाली ते त्यात आहेच. पण सासवांनी सुनांचे कसे हाल केले, सुनेचं नाक कापण्यापर्यंत कशी मजल गेली, तेही आहे. पुरुषांनी लिहिलेल्या आत्मकथनांत पाटलाचा हात दिसतो, सावकाराचा हात दिसतो. आपला स्वतःचा हात दिसायला एका बाईला वीस वर्षं कागद लपवावे लागले. ह्यातली पानं मी माझ्या मामीला वाचून दाखवली. ती इथे मागे बसली आहे. ऐकून ती म्हणाली, "हे मले कायले वाचून दाखवतं रे बापा, मले मालूम हाय सारं. पन तिनं लिवलं कसं?" समीक्षा याच्यापेक्षा वेगळी काय असते मला ठाऊक नाही.

दुसरं ह्या बाजूचं. वसंत मून यांचं 'वस्ती', १९९५. नागपूरच्या महारपुऱ्याची गोष्ट. मून म्हणजे ज्यांनी बाबासाहेबांच्या लिखाणाचे सरकारी खंड संपादित केले तेच. पण 'वस्ती'त ते स्वतःपेक्षा वस्तीबद्दल जास्त बोलतात. तिथले पहिलवान, समता सैनिक दल, गाणारे, भांडणारे, निवडणुका, पोरांची दांडगाई. गरिबी आहेच, पण माणसं तिच्यात नुसती कण्हत पडलेली नाहीत. आपल्या वस्तीत मजाही होती, रग होती, हे छापलेलं मी पहिल्यांदा त्यात वाचलं. आमच्या मुंबईत हे पुस्तक फार कोणाला माहीत नाही आणि वर्धा-नागपूरकडच्या पोरांनाही नाही, ह्याचं मला नवल वाटतं. सकाळी मी पाच जणांना विचारलं. पाचांनीही 'श्यामची आई'चं नाव ऐकलं होतं. 'वस्ती'चं कोणी नाही.

कविता. 'गोलपिठा' १९७२. मी तो सतराव्या वर्षी वाचला आणि निम्मे शब्द कळले नाहीत. मुंबईत वाढून! मग कळलं की प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही शब्दांचे अर्थ विचारावे लागले होते. मला बरं वाटलं. ज्या वस्तीच्या अंगावरून शहर नाक दाबून जातं तिथलं सामान ढसाळांनी अख्खंच्या अख्खं मराठीच्या धक्क्यावर उतरवलं, पेटी न फोडता. ते आजही कोणाला नीट उचलता आलेलं नाही. उचलायला गेलेल्यांनी काय केलं, तर त्यातल्या शिव्या तेवढ्या घेतल्या. शिवी मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो. क्रेन अडकली की शिवी, चहा गार झाला की शिवी. नुसत्या शिवीने कविता होत असती तर आमचा मुकादम महाकवी झाला असता.

आणि 'गोलपिठा' वाचणाऱ्याने मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचलंच पाहिजे. १९८४ साली आलं. घराच्या आतून चळवळ कशी दिसते, मोठ्या कवीची बायको होणं म्हणजे काय, ते त्या बाईने लिहिलं आहे. आपल्या पोरांपुढे ह्या पुस्तकाचं नाव काढलं की एकतर विषय बदलतात, नाहीतर म्हणतात शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. मी दोन्ही पुस्तकं एकाच पिशवीत ठेवतो. 'गोलपिठा' माझ्यासाठी लहान झाला नाही आणि त्या बाईचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. ज्याला हे झेपत नाही त्याने कृपा करून सभेत स्त्रीमुक्तीवर बोलू नये.

आपल्या अंकांतल्या कवितांबद्दल बोललो नाही तर अप्रामाणिकपणा होईल. सूर्य, मशाल, वणवा. हे तीन शब्द काढून घेतले तर आपल्या अंकातली निम्मी पानं कोरी निघतील. नारायण सुर्व्यांनी गिरणी, चाळ, शाळेची फी, मास्तर, पोस्टर चिकटवणारी पोरं कवितेत आणली. साधी नावं, साधी माणसं. मी गोदीत रोज जे बघतो त्यात सूर्य डोकं भाजतो, दुसरं काही करत नाही. तो उगवणार आहे वगैरे आम्हाला सांगू नका, तो सकाळी सातलाच डोक्यावर असतो.

आता बाबासाहेब. सावरून बसा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली इंग्रजीत निघाला, पुढे मराठीत आला. आपल्या घराघरांत तो आहे. कुठे? फोटोखाली, पाटावर, कपड्यात गुंडाळलेला. वर फूल. मी वीसेक घरांत विचारलं, कुठवर वाचलाय? बहुतेकांनी फूल सरळ केलं. आणि त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच काय आहे बघा. बाबासाहेब विचारतात, म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही गोष्ट पटण्यासारखी आहे का? एकोणतीस वर्षांच्या माणसाला ह्या गोष्टी त्याआधी दिसल्या नसतील काय? मग ते शाक्य आणि कोलियांमधलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण सांगतात. पाण्याचं भांडण! चवदार तळ्याच्या माणसाने लिहिलेलं. म्हणजे ज्या ग्रंथाला आपण प्रश्न न विचारता हात जोडतो तो ग्रंथ सुरूच मुळी प्रश्न विचारून होतो. कपडा सोडा त्याचा. पानं मळली तर मळू द्या.

माझं सगळ्यात आवडतं म्हणाल तर 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. मराठीत त्याची वेगवेगळ्या नावांनी भाषांतरं आहेत, मिळेल ते घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, घाबरले, आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. झालेलंच नाही असं भाषण, पण वाचताना माणूस समोर उभा राहून बोलतोय असं वाटतं. मोठ्याने वाचा, चौघांत बसून वाचा. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ही मी उघडलं होतं. मॅट्रिकवाल्याला तीस पानांच्या पुढे जमलं नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या कोणी ते आपल्या बोलीत सांगावं, मी ऐकायला येईन.

हे खंड मिळतात का, हा प्रश्न वेगळाच. सरकारने १९७९ पासून ते छापायला घेतले. १९८७ साली चौथा खंड निघाला, 'रिडल्स'वरून रान पेटवलं गेलं, सरकार डगमगलं, फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा तो मजकूर राहिला. एका पुस्तकातली काही पानं राहावीत म्हणून ज्यांनी मुंबई भरून टाकली त्यात वाचता न येणारी माणसं किती असतील विचार करा. आणि नंतर? नंतर खंड वर्षानुवर्षं दुकानात मिळेनात. छपाईसाठी घेतलेला कोट्यवधींचा कागद गोदामात पडून राहिला. २०२१ साली वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पडून राहिलेला कागद काय असतो मला विचारा. गोदामात कागदाला दमट हवा लागली की तो आधी कडेने पिवळा पडतो, मग रिळाचं रीळ फुगतं. आपण मोर्चा काढला, पुस्तक वाचवलं आणि घरी गेलो. छापलं का, किती, कुठे मिळतं, हे विचारायला कोणी उरलं नाही.

बाहेरच्या देशातलं एक सांगतो. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात एरिक हॉफर नावाचा गोदी कामगार होता. १९५१ साली त्याचं 'द ट्रू बिलिव्हर' आलं. चळवळीत माणसं का घुसतात यावर. आमच्यातल्या एका शिकलेल्या दोस्ताने ते मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. आपल्यासारखाच हमाली करणारा, म्हणून मी उत्साहाने ऐकायला बसलो. त्याचं म्हणणं असं की स्वतःच्या आयुष्याला कंटाळलेली माणसं कुठल्याही चळवळीत शिरतात, ती चळवळ कुठली आहे याला महत्त्व नसतं. मी भडकलो. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला आयुष्याचा कंटाळा आला असं म्हणायचं काय? पाणी बंद करणारा कोण होता हे त्या पुस्तकात कुठेच येत नाही. पण रात्री झोप लागेना, कारण आपल्यातले चार-पाच चेहरे डोळ्यांपुढे आले. आज या गटात, उद्या त्या गटात, परवा ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच मांडवात, घोषणा मात्र तेवढ्याच जोरात. हॉफरने त्यांना ओळखलं असतं. पुस्तक अर्धं खोटं आणि अर्धं टोचणारं. असलं पुस्तकही वाचावं.

आता तुमच्या अभ्यासिकेतल्या टेबलाकडे येतो. मघाशी बघितलं. सगळी पुस्तकं परीक्षेची. मी त्याला नावं ठेवणार नाही. घरात एक पगार आला की तीन पिढ्यांची पाठ सरळ होते हे मला कळतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्याला हजार, राखीवला नऊशे. ज्या घरात नऊशे रुपयांची पुस्तकं एका वेळी कधी आली नाहीत त्या घराने नऊशे रुपये फॉर्मला भरले. गाईडाबद्दल माझं मत एवढंच की त्यात महाडचा सत्याग्रह म्हणजे चार पर्यायांतला एक पर्याय असतो. उत्तर बरोबर आलं की पान उलटतं. नोकरीसाठी वाचा, पण महाड तिथे वाचलं असं समजू नका.

त्याच टेबलावर कोणाचं तरी 'रिच डॅड पुअर डॅड' होतं, मराठीतलं. मुंबईत फूटपाथवर ढिगाने असतं. मीही वाचलं. गरीब बाप गरीब का, तर त्याला पैशाचं डोकं नव्हतं! माझा बाप चाळीस वर्षं पाठीवर दुसऱ्याचा माल वाहून गेला, त्याला पैशाचं डोकं असतं तर त्याने काय गुंतवलं असतं, मणका? हे पुस्तक मी रद्दीत दिलं.

शेवटी जी पुस्तकं वाचायला मिळत नाहीत त्यांच्याबद्दल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीवर आग लागली. एकाच बोटीत कापूस आणि स्फोटकं. दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. त्या दिवशी पाठीवर गठ्ठे घेऊन धक्क्यावर असलेल्या हमालाची गोष्ट मी मराठीत शोधतो आहे, अजून हाती आली नाही. आणि तुम्ही? तुमच्या उशाला पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो. ३१ मे २०१६ ची रात्र तुमच्यापैकी मोठ्यांना आठवते, खिडक्या हादरल्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात मेलेल्यांत रोजंदारीचे मजूर होते. दोन दिवस बातमी आली. त्या मजुरांनी सकाळी घरातून निघताना डबा घेतला होता का, कामाला कोण घेऊन गेलं, किती रुपये रोज ठरला होता, हे तुमच्या आसपासच्या माणसांना माहीत असेल. ते कोणी लिहून काढलं आहे काय? सूर्य आणि मशालीवर लिहिणाऱ्या पोरांना मी हे विचारतो. कादंबरी नको, वीस पानं चालतील. नीट विचारून, त्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहा.

बोलणं संपत आलं. येताना मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत एकवीस पुस्तकं भरून आणली आहेत. मुंबईहून पुलगावपर्यंत डब्यात लोकांनी विचारलं, गोणीत काय? कांदे म्हणालो. 'फकिरा' दोन प्रती आहेत, 'वस्ती' एक, 'जिणं आमुचं' एक, ते मामीच्या हातून सुटलं तर मिळेल. 'मृत्युंजय'ही ठेवलं आहे, मुद्दाम. अर्नाळकरांची चार आहेत, त्यातल्या एकाचं शेवटचं पान नाही. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने माझं मत लिहिलं आहे. वाचणाऱ्याने त्याखाली आपलं लिहायचं, माझं चुकलं वाटलं तर तेही लिहायचं, नाव नाही घातलं तरी चालेल. दिवाळीच्या सुमारास मी परत येईन तेव्हा ती पानं आपण अंकात छापू, संपादकांना मी सांगितलं आहे. कपड्यात गुंडाळून कोणी ठेवू नका. पुलगावची गाडी साडेनऊची आहे, तोवर मी इथेच ओट्यावर बसतो, ज्याला भांडायचं आहे त्याने यावं.